क्लाईव्हचं बाळंतपण

ज्या दिवशी क्लाईव्हने अंडी घातली त्या दिवशी मी घरात नाचलो. मी काही वाईट नाचत नाही, कारखान्याच्या ख्रिसमस पार्टीत लोक मुद्दाम बाजूला होऊन मला जागा देत असत. पण त्या चार उड्यांबद्दल पुढे मला जे ऐकून घ्यावं लागलं, ते एखाद्या दरोडेखोरालाही कुणी ऐकवलं नसेल.

क्लाईव्ह म्हणजे आमची घोण. न्हाणीघरात निघते ती बोटभर गोम नव्हे हां! चांगली वीतभर लांब, विटकरी अंगाची, पिवळ्याधमक बेचाळीस पायांची. दोन महिन्यांपूर्वी ती माझ्या गमबुटात राहायला आली. बूट घालण्याआधी झटकायची मला सवय आहे म्हणून त्या दिवशी दोघांचंही भलं झालं. घोणीत नर कोण आणि मादी कोण हे वरून कळत नाही. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढली. तिथे क्लाईव्ह नावाचे एक साहेब होते. ते असेच मिशा हलवत, कुणाकडे न बघता, भिंतीच्या कडेकडेने सटकायचे. काचेच्या टाकीत घोण चालताना पाहिली आणि तेच नाव तोंडात आलं. आता साहेब अंडी घालतील हे कुणाला स्वप्नात तरी वाटलं होतं का?

"नोरीन!" मी ओरडलो. "अगं, क्लाईव्ह बाळंत झाला!"

"कारखान्यातला?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "या वयात?"

नोरीन माझी बायको. तिने दोन महिन्यांत टाकीकडे एकदाही बघितलं नव्हतं. 'तो किडा तिकडे, मी इकडे, आणि मध्ये बंद दार' एवढ्या एका अटीवर आमचा संसार चालू होता. त्यामुळे आनंदात ती सामील होणार नाही हे मला ठाऊक होतं. मी एकटाच नाचलो. हातात वाचनालयातून आणलेलं पुस्तक होतं, म्हणजे वाचत वाचत नाचत होतो. पुस्तकात लिहिलं होतं की आई अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते, एकेक अंडं चाटून स्वच्छ ठेवते, आठवडेच्या आठवडे अन्नाला शिवत नाही. माझा ऊर भरून आला. मग पुढची ओळ वाचली. या काळात हादरे बसले तर ती घाबरते आणि सगळी अंडी स्वतःच खाऊन टाकते.

माझा एक पाय हवेत होता. तो तसाच, अगदी हळू, खाली ठेवला.

लाल टॉर्च लावून बघितलं. लाल उजेडाचा घोणीला त्रास होत नाही. क्लाईव्ह जागेवर होता, अंडीही होती. साबुदाण्याएवढी, पिवळसर, सत्तेचाळीस! तीनदा मोजली. आयुष्यभर मोजण्याचाच पगार खाल्लेला माणूस मी, मोजणीत चुकायचा नाही.

आता आमच्या घराचं सांगायला हवं, कारण सगळी पंचाईत तिथेच आहे. आमच्या इनिसफेल गावातल्या सगळ्या जुन्या घरांसारखं तेही लाकडी आणि खांबांवर उभं. पण आमच्या अर्ध्या खांबांचं वाळवीने पीठ केलेलं. त्यामुळे घर एका कोपऱ्यात कललं होतं. ओट्यावरून वाटाणा पडला की तो जेवणाची खोली ओलांडून थेट बाथरूमच्या दाराशी जाऊन थांबे. आम्ही नवराबायको गेली तीस वर्षं डावीकडे झुकून चालत होतो. बाहेरच्या माणसाला ते विचित्र वाटे, आम्हाला बाहेरची माणसं विचित्र वाटत. यात भरडला गेला तो नोरीनचा स्पंज केक. जमीन तिरकी म्हणून ओव्हन तिरका, ओव्हन तिरका म्हणून केक तिरका. गावच्या वार्षिक प्रदर्शनात ती अकरा वर्षं स्पंज ठेवते आणि अकरा वर्षं परीक्षकबाई एकच शेरा मारतात, 'चव उत्तम, परंतु कलता.'

म्हणून सांतो येणार होता. सांतो घरं उचलतो. घराखाली जॅक लावायचे, अख्खं घर सामानसुमानासकट वर उचलायचं, कुजके खांब काढून लोखंडी घालायचे आणि घर पुन्हा सरळ टेकवायचं. आमच्या भागात हे काम धड करणारा माणूस एकच, आणि त्याच्याकडे नंबर लावून आम्हाला एकोणीस महिने झाले होते. आमच्याकडे लोकांची लग्नं मोडतात, पण सांतोची तारीख कुणी मोडत नाही. ती तारीख पुढच्या सोमवारची होती.

"नोरीन," मी शक्य तितक्या सहज सुरात म्हणालो, "सांतोला जरा महिनाभर पुढे ढकललं तर?"

तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं. ते दोन बोटं घसरलं.

"ऑल्विन, अकरा वर्षं! अकरा वर्षं ती बाई माझ्या केकसमोर मान वाकडी करून उभी राहते. या वर्षी माझा स्पंज सरळ उभा राहणार म्हणजे राहणार. तुझ्या त्या किड्याला सांग, धीर धर म्हणावं."

"त्याने धीर धरायचा म्हणजे नक्की काय करायचं?"

"ते त्याचं तो बघेल. बेचाळीस पाय आहेत ना? घट्ट धरून बस म्हणावं."

बातमी शेजारी गेली. आमच्या गल्लीत बातमीला पाय लागत नाहीत, आणि इथे तर आधीच होते. उजवीकडचा केल्विन कुंपणावर कोपर टेकवून म्हणाला, "हे बघ गड्या, सोपं आहे. टाकी माझ्या शेडमध्ये हलव."

"हलवायचीच तर नाहीये ना, केल्विन."

"मग छताला रबरी दोरीने टांग. घर हललं तरी टाकी हलणार नाही."

"टांगताना?"

"टांगताना थोडी हलेल," केल्विन म्हणाला. "तू फार खुसपटं काढतोस. म्हणूनच तुला बढती मिळाली नाही."

डावीकडची नॉना कॉन्चेत्ता म्हणजे सगळ्या गल्लीची आजी. तिने लसणाची माळ आणि कुणा संताची तसबीर आणून दिली, टाकीखाली ठेवायला. टाकीखाली ठेवायची तर टाकी उचलावी लागेल, हे मी तिला समजावून सांगितलं. ती भडकली. "मादोन्ना! काय लाड एकेकाचे! माझ्या सहाव्या बाळंतपणात वादळाने घराचं छप्पर उडवून नेलं होतं. मी खाल्लं का बाळ?"

ते सहावं बाळ म्हणजेच सांतो, हे आधी सांगायला हवं होतं.

तो आठवडा आम्ही पायमोज्यांत काढला. कपडे धुण्याचं यंत्र बंद. रेडिओ बंद. शिंक आली तर अंगणात. शनिवारी सकाळी तर माझी गाळणच उडाली, कारण शनिवारी सकाळी अख्खी गल्ली गवत कापायची यंत्रं बाहेर काढते. मी दारोदार फिरलो, हात जोडले. केल्विन म्हणाला, "तू घरात नाचलास ते चालतं, आणि मी गवत नाही कापायचं? मग शनिवारी करू काय?" शेवटी कुंपण छाटायच्या कात्रीने गुडघ्यांवर बसून त्याने अर्धं अंगण कापलं, आणि प्रत्येक कात्रीगणिक माझ्या खिडकीकडे बघून मान हलवली. इतक्या तिरस्काराने माझ्याकडे यापूर्वी फक्त नोरीनची आईच बघत असे.

त्याआधी शुक्रवारी मी काउन्सिलच्या कचेरीतही जाऊन आलो होतो. तारीख पुढे ढकलायची तर आधी घर उचलण्याच्या परवान्याची मुदत वाढवून घ्यावी लागते. खिडकीत लोरेल नावाची हसतमुख मुलगी होती.

"मुदतवाढीचं कारण?" तिने विचारलं. "आजारपण, मृत्यू, पूर, किंवा घरात प्रसूती. यापैकीच एक हवं."

मी क्षणभर विचार केला. मी खोटं बोलत नाही. आणि इथे तर खोटं बोलायची गरजच नव्हती.

"प्रसूती," मी म्हणालो.

"अय्या, अभिनंदन! आईचं नाव?"

"क्लाईव्ह."

लोरेलचा पेन जराही अडखळला नाही. "आमच्या कचेरीत कुणाला नावं ठेवत नाहीत," ती गोड आवाजात म्हणाली आणि लिहून घेतलं. मला तिचा अभिमान वाटला. "बाळं किती?"

"सत्तेचाळीस."

आता पेन थांबला. "आईचं वय?"

"नक्की सांगता यायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी बुटात सापडला."

मग साहेबांना बोलावण्यात आलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक काढलं. आमच्या काउन्सिलच्या नियमांत कुत्रा हा प्राणी आहे, मांजर आहे, कोंबडी सहापर्यंत प्राणी आहे आणि सातव्या कोंबडीपासून धंदा. घोणीचा उल्लेखच नाही. उल्लेख नाही म्हणून पाळायला परवाना लागत नाही, हे ऐकून मी खूश झालो. उल्लेख नाही म्हणून ती बाळंतही होऊ शकत नाही, हे त्यांनी पुढे सांगितलं. "पक्ष्याचं घरटं असतं तर आजच्या आज काम थांबवलं असतं," साहेब हळहळले. "हिला पंख वगैरे काही?" मी नाही म्हणालो. मागच्या रांगेतले लोक खिदळत होते. कुणीतरी आवाज बदलून "अभिनंदन!" असं ओरडलं. मी मान ताठ ठेवून बाहेर पडलो आणि ताठ मानेमुळे दाराची पायरी दिसली नाही.

आता उरला सांतो. रविवारी मी त्याच्या आवारात गेलो. बुटका, रुंद, कानावर पेन्सिल. जुन्या खांबांच्या ढिगावर बसून तो खिशातल्या पाणसळीची काच पुसत होता. सपाटी मोजायची ही पाणसळ त्याच्या वडिलांची. तिच्यातला बुडबुडा मध्ये आल्याशिवाय सांतो जेवायलाही बसत नाही असं म्हणतात. मी सगळं सांगितलं. सत्तेचाळीस अंडी, हादरे, सगळं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग उठला.

"हादरे?" तो म्हणाला. "माझ्या कामाला हादरे?"

"तसं नव्हे सांतो, थोडेफार तर..."

"थोडेफार! ऑल्विन, मागच्या वर्षी मी वकिलाचं घर उचललं. तो आत दाढी करत होता. वस्तऱ्याने! खाली येऊन मला विचारतो, कधी सुरू करणार म्हणून. आणि तू मला हादरे सांगतोस?" त्याचा चेहरा लाल झाला. "ऐक. उद्या मी तुझं घर उचलणार. तुझ्या त्या टाकीतल्या बाळंतिणीला कळणारसुद्धा नाही. एक अंडं जरी कमी झालं ना, तर हा धंदा सोडून रस्त्यावर केळी विकीन. आईची शपथ!"

आई म्हणजे नॉना, त्यामुळे संध्याकाळपर्यंत शपथ गावभर झाली. आता प्रश्न फक्त क्लाईव्हच्या पोरांचा उरला नव्हता.

सोमवारी सकाळी आमच्या घरासमोर अख्खी गल्ली घडीच्या खुर्च्या आणि बर्फाच्या पेट्या घेऊन हजर! पण आवाज नाही. बाटलीचं झाकणसुद्धा लोक टॉवेलात गुंडाळून उघडत होते. नॉना जपमाळ ओढत होती, मणी वाजू नयेत म्हणून हातात लोकरीचे मोजे घालून. सांतो अनवाणी आला. घराखाली जॅक लावले आणि एकेकाला फक्त पाव वेढा, मग पुढचा, मग पुढचा. मी आत टाकीजवळ स्टुलावर. शेजारच्या फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला होता. घर कुरकुरलं, कण्हलं, खिडकीबाहेरचं आंब्याचं झाड इंचभर खाली गेलं, पण वाडग्यातलं पाणी हललं नाही. काय माणूस आहे! मला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडता येत नव्हतं. मी उशी चावली.

तीन दिवस हे चाललं. बुधवारी दुपारी घर नव्या खांबांवर टेकलं. दाराबाहेर सांतोचा हात दिसला. त्याने पाणसळ उंबऱ्यावर ठेवली, वाकून बघितलं आणि अंगठा वर केला. मी टाकीत बघितलं. सत्तेचाळीस! झालं! जिंकलो! मी उठलो आणि नोरीनला सांगायला निघालो.

तीस वर्षं. तीस वर्षं मी या खोलीत डावीकडे झुकून चाललो. जमीन सरळ झाली होती, पण ते माझ्या पायांना कुणी कळवलं नव्हतं. मी जो डावीकडे गेलो तो जातच राहिलो. आधी स्टूल, मग वाडगा, मग मी. धाड!

सगळं घर थरारलं. तीन दिवसांत पहिल्यांदाच.

खालून सांतोची किंकाळी आली, "तो मी नव्हतो!"

नोरीन धावत आली. धावत म्हणजे, भिंत धरून डावीकडे झुकत, पण आली. तिने माझ्याकडे बघितलं, माझ्यावरून पाय टाकला आणि सरळ टाकीपाशी गेली. आयुष्यात पहिल्यांदा! लाल टॉर्च उचलली आणि वाकली.

"काय करतोय?" मी जमिनीवरून विचारलं. पाय असा दुखत होता की डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"तोंड हलतंय."

"खातोय की चाटतोय?"

"मला काय विचारतोस? मी कधी बघितलंय?"

"मोज, नोरीन! मोज!"

तिने मोजायला सुरुवात केली. बाहेर सगळी गल्ली श्वास रोखून उभी होती. शिडीवरून खिडकीत डोकावणारं केल्विनचं आणि त्याच्या खाली सांतोचं डोकं, घामाने डबडबलेलं. बावीस. तेवीस. एकतीस. "बाई गं, जरा पाय बाजूला घे," नोरीन पुटपुटली. मी चमकून बघितलं. कालपर्यंत 'तो किडा' होता. अडतीस. एकोणचाळीस. मग ती थांबली. सांतोने डोळे मिटले.

"पोटाखाली आहेत काही," ती कुजबुजली. "थांबा. चाटतेय ती. एकेक उचलून चाटतेय. चव्वेचाळीस... सत्तेचाळीस!"

केल्विनने मागे वळून बोटांनी चार आणि सात दाखवले. आणि मग मी जमिनीवर पडल्या पडल्या उघड्या दारातून जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. अख्खी गल्ली जल्लोष करत होती, आवाज न करता. टोप्या उडत होत्या, लोक मिठ्या मारत होते, नॉनाने सांतोचं डोकं दोन्ही हातांत धरून मटामटा मुके घेतले, आणि सगळं कसं मुक्याने! पाच मिनिटांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की मी अजून खालीच आहे.

रुग्णवाहिका भोंगा वाजवत येत होती, तो बंद करवायला केल्विन टॉवेल हलवत कोपऱ्यापर्यंत धावला. स्ट्रेचरवाल्यांनी चवड्यांवर चालत मला बाहेर काढलं. मी एकदाच "आई गं" म्हणालो, तर स्ट्रेचरवाल्यासकट सगळे "श्श!" करून अंगावर आले. घोणीचा एक पाय मोडला तरी ती लंगडी होत नाही म्हणतात. माझ्याकडे मुळात दोनच होते. सहा आठवड्यांचं प्लास्टर.

प्रदर्शनाला तीन आठवडे उरले होते. सरळ ओव्हनमधला पहिला स्पंज उजवीकडे कलला, कारण नोरीनने सवयीने टिनखाली चमचा सरकवला होता. दुसरा बसला. तिसऱ्याच्या वेळी तिने मिक्सर लावलाच नाही. "हिला हादरे बसतील," म्हणाली आणि आंब्याखाली बसून तासभर हाताने फेटलं. प्रदर्शनाच्या सकाळी तो स्पंज ताटात उभा होता. काय सांगू! त्याच्यावर वाटाणा ठेवला असता तर हलला नसता.

केक दहाच्या आत मंडपात पोचवायचे असतात. नऊ वाजता नोरीन ठेवणीतला फ्रॉक घालून, ताट हातात घेऊन निघाली. दारात थांबली. "जाता जाता एकदा बघून येते," म्हणाली आणि टाकीच्या खोलीत गेली.

साडेनऊ झाले. मी कुबड्या घेऊन दाराशी गेलो. "नोरीन, उशीर होतोय."

"श्श!"

पावणेदहा. "नोरीन, अगं, ती परीक्षकबाई..."

"ऑल्विन, गप्प बस आणि इकडे ये. हळू ये."

क्लाईव्हच्या वेटोळ्यात काहीतरी पांढरं वळवळत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं. त्याला पाय होते! मग आणखी एक. मग तीन. आम्ही दोघं काचेला नाक लावून बसलो, ताट मांडीवर. "आठ," नोरीन म्हणत होती. "ते बघ, नववं! अरे बघ ना!" दहा वाजले. सव्वादहा वाजले. दोघांपैकी कुणीही वेळेचं नाव काढलं नाही.

अकरा वाजता ती उठली. मोज्यांतल्या पावलांनी, ताट घेऊन, जिना उतरली. नॉनाच्या फाटकावरून गेली, थेट गल्लीच्या टोकाला, घरापासून दोनशे पावलं लांब. तिथल्या एका पत्रपेटीवर तिने ताट ठेवलं. फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरला. आणि भर रस्त्यात अशी नाचली, अशी नाचली, की मी सबंध आयुष्यात माझ्या बायकोला तसं नाचताना पाहिलं नव्हतं!

लोक बाहेर आले. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही, तेही नाचायला लागले. मी मागून कुबड्यांवर लंगडत पोचलो. सांतो आईकडे आलेला होता, तोही आला. त्याने ताटातला स्पंज बघितला, खिशातून वडिलांची पाणसळ काढली, अलगद केकवर ठेवली आणि गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. सगळे थांबले.

बुडबुडा बरोबर मध्ये होता.

नोरीनने पदकाचा विचारही केला नाही. तिने सुरी मागितली, आणि आम्ही तो स्पंज तिथेच, उभ्या उभ्या, खाऊन टाकला.